गोव्यातल्या मराठी माणसाला महाराष्ट्राचं वावडं का असतं?

तुम्ही मूळचे कोल्हापूरचे, नोकरीनिमित्त म्हापशात बिऱ्हाड. शेजारी मराठी पेपर वाचतात, देवळात मराठी अभंग म्हणतात, जत्रेला मराठी नाटक बसवतात. तरी तुम्ही त्यांच्या लेखी ‘भायलो’, म्हणजे बाहेरचा, आणि महाराष्ट्राचा विषय निघाला की त्यांचा आवाज चढतो. हे वावडं कशाचं, आणि मुलीला पहिलीत कुठल्या शाळेत घालू, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. मी फोंड्याकडचा. घरात कोकणी, लिहिणंवाचणं मराठीत. दोन्ही बाजूंची भांडणं जेवणाच्या ताटावर ऐकत वाढलोय, त्या जोरावर लिहितो.

आमच्या डोक्यात तिडीक जाते ती ‘तुम्ही तर आमचेच’ या वाक्याने. पाहुणा ते प्रेमाने म्हणतो, यात शंका नाही. पण ऐकणाऱ्याच्या कानात 1967 वाजतं.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी पहिली निवडणूक झाली आणि भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. पक्षाच्या नावातच महाराष्ट्र. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा हा त्यांचा उघड कार्यक्रम होता. दिल्लीने मग लोकांनाच विचारलं. 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. विलीनीकरण हवं असेल तर फूल, वेगळा संघप्रदेश हवा असेल तर दोन पानं. पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. फरक 34,021.

आमचे आजोबा फुलवाले. मरेपर्यंत अभिमानाने सांगायचे. पण खोदून विचारलं की म्हणायचे, मुंबई कोणी पाहिली होती, आम्हाला भाटकाराच्या (जमीनदाराच्या) हातातून सुटायचं होतं. बहुजन समाजातल्या कुळांना आणि मुंडकारांना (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना) मराठी म्हणजे गावात आलेली पहिली शाळा, आणि महाराष्ट्र म्हणजे जमीनदाराला वेसण घालणारं कुणीतरी मोठं सरकार. ते काम पुढे गोव्यातच झालं: 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा, आणि भाऊसाहेबांच्या राजवटीत खेडोपाडी उघडलेल्या मराठी शाळा. एकदा हे पदरात पडल्यावर विलीनीकरणाची ओढ आपोआप पातळ झाली.

समोरच्या बाजूला ख्रिस्ती समाज बहुसंख्येने होता, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण केवळ त्यांच्या मतांवर पानं जिंकली नाहीत, हिंदूंनीही मोठ्या प्रमाणात पानांवर शिक्के मारले. कारणं पोटाची होती. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती. इथे माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरापासून काजूची फेणी गाळणाऱ्यापर्यंत किती चुली त्यावर पेटत होत्या याचा विचार करा. नोकऱ्या बाहेरून येणाऱ्यांना जातील ही धास्ती होती. आणि गोवा म्हणजे रत्नागिरीच्या पलीकडचा आणखी एक जिल्हा होऊन पडेल, मुंबईतल्या सरकारला आपलं नावही आठवणार नाही, ही भीती होती. (सिंधुदुर्गातल्या माणसाला विचारा, ती भीती अगदीच खोटी होती का ते.)

गंमत बघा, विलीनीकरणाविरुद्धचा हिंदूंमधला प्रचार मराठीतच झाला. मडगावहून निघणारं ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक होतं, आणि त्यातलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लोक एकमेकांना वाचून दाखवत. महाराष्ट्रात जायचं नाही, हे गोव्याने मराठीत ठरवलं! त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली, तर त्याच लोकांनी पुन्हा भाऊसाहेबांना निवडून दिलं. महाराष्ट्र नको, महाराष्ट्रवादी चालतील. हा हिशेब ज्याला कळला त्याला निम्मा गोवा कळला असं मी मानतो.

दुसरी जखम राजभाषेची. 1987 च्या फेब्रुवारीत कायदा झाला: देवनागरी कोकणी राजभाषा, आणि सरकारी कामात मराठीच्या वापराचीही मुभा. त्याआधीच्या आंदोलनात रस्ते अडले, जाळपोळ झाली, माणसं मेली. त्याच वर्षी 30 मे ला गोवा राज्य झाला. मराठीवाल्यांना वाटतं आपल्याला दुय्यम ठेवलं, कोकणीवाल्यांना वाटतं मराठीला एवढं तरी का दिलं. तेव्हा ऑफिसात चहा पिताना ‘कोकणी ही मराठीचीच बोली ना?’ असं सहज विचारू नका. साहित्य अकादमीने तो विषय 1975 मध्येच संपवला, 1992 पासून कोकणी आठव्या अनुसूचीत आहे. माझ्यासारखा मराठीत लिहिणारासुद्धा या प्रश्नावर चिडतो, मग कोकणीवाल्याचं काय विचारता.

आता ‘भायलो’. हे मनाला फार लावून घेऊ नका, कारण इथे भायलो कोण नाही ते शोधावं लागेल. आमचं गावच गांवकार (गाव वसवणारी मूळ घराणी) आणि बाकीचे असं विभागलेलं. जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, कोमुनिदादींत (गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थांत) गांवकाराच्या पुरुष वंशजालाच ‘जोण’, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळतो. त्याच गावात सात पिढ्या राहिलेल्या दुसऱ्या कुणाला नाही. आणि आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, तर देवच बाहेरून आलेले. पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा सोळाव्या शतकात मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून नदी ओलांडून इकडे, तेव्हाच्या आदिलशाही मुलखात आली. आज ज्या देवळांपुढे पर्यटकांच्या बसगाड्या उभ्या असतात, ती निर्वासितांची देवळं आहेत. आमचं घराणं देवीच्या मागोमाग आलेलं. साडेचारशे वर्षं झाली, तरी गावच्या मांडावर मान कुणाचा असा प्रश्न आला की गांवकार आम्हाला प्रेमाने एक पायरी खाली बसवतात. तुमच्या बिऱ्हाडाला अजून घराचा रंगही लागला नसेल.

आणि गोंयकार स्वतः कमी का फिरला? मुंबईत गिरगाव-धोबीतलावाकडे गावोगावच्या कूडी होत्या, बोटीवर चढण्याआधी दर्यावर्दी तिथे मुक्काम करत. ज्या तियात्राचा, म्हणजे कोकणी संगीत नाटकाचा, आम्हाला एवढा गर्व, त्याचा पहिला प्रयोग 1892 साली मुंबईत झाला. पुढे पोर्तुगीज पासपोर्ट काढून लोक इंग्लंडला गेले. तिथे तेही भायलेच, पण ही गोष्ट तिकडून सुट्टीला आलेल्या माणसाला सांगून पाहू नका.

खरा राग सध्या जमिनीचा आहे, आणि तो तुमच्यावर नाही. दिल्लीकडचे धनिक दुसरं घर घ्यायला आले, आसगाव-शिवोलीत भाव असे चढले की तिथल्याच मुलाला तिथे जागा परवडत नाही. नगरनियोजन कायद्यातलं 17(2) कलम वापरून हिरव्या पट्ट्यातली जमीन बांधकामाला खुली झाली, त्यावरून गावोगाव सभा झाल्या. मोपाचा विमानतळ 2023 मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्यातही तेच वारं. 2022 च्या निवडणुकीत मूळ गोमंतकीय कोण हे कायद्याने ठरवा अशी मागणी करणारा नवा पक्ष एक जागा जिंकून गेला. मला ती मागणी मानवत नाही. पण तिच्यामागची भीती खोटी आहे असं म्हणायची माझी तयारी नाही. अशा हवेत एमएच पाटीची गाडी रस्त्यात आडवी लावली की सगळ्यांचा हिशेब एकावरच निघतो.

कर्नाटकाशी भांडण वेगळं, ते पाण्याचं. म्हादई खानापूर तालुक्यात उगम पावते, आमच्याकडे येऊन मांडवी होते. लवादाने 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी असं वाटप केलं. प्रकरण अजून सर्वोच्च न्यायालयात. पण बेळगावची भाजी एक दिवस आली नाही तर म्हापशाच्या बाजारात काय होतं ते तुम्ही पाहालच. तसंच तुमच्या बार्देसच्या नळाला तिळारीचं पाणी येतं आणि ते धरण महाराष्ट्रात, दोडामार्गात आहे. उलट सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळाकडे धावतो. ही ये-जा असल्याने भांडण तोंडापुरतंच राहतं.

तुम्ही काय करावं? ‘गोवा महाराष्ट्रात यायला हवा होता’ हे वाक्य घरीसुद्धा बोलू नका, भिंती पातळ असतात. ‘तुमी खंयचे?’ विचारलं तर ‘कोल्हापूरचे’ म्हणून सरळ सांगा, ‘आपलेच’ म्हणू नका. जत्रेच्या नाटकाची वर्गणी मागायला आले की द्या, आणि तालमीला जाऊन बसा. स्त्री-पार्टीचा कुणीतरी ऐन वेळी आजारी पडतोच.

शाळेचं म्हणाल तर सरकारी प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाच्याच जास्त आहेत, जवळची बघून बिनधास्त घाला. फक्त कोकणी टाळू नका. सरकारी नोकरीला 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो आणि कोकणी येणं बंधनकारक आहे. मराठी आली तर बरं, एवढंच. घरी शिकवायची गरज नाही, अंगणात खेळायला सोडा. सहा महिन्यांत ती तुमच्याशी कोकणीत हुज्जत घालेल आणि तुम्ही मराठीत उत्तर द्याल. आमच्या घरात याहून वेगळं काही चालत नाही.