टक्के शाळेचे, ताण घराचा

मी कुटुंबांचं समुपदेशन करते. दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे गोवाभरातून तोच प्रश्न येतो, मॅडम आमच्या तालुक्यातली सरकारी शाळा मागे आहे, शेजारच्या तालुक्यात मुलाला घालू का? म्हणून हा एक अनुभव लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

डिचोलीकडची आई, मुलगा आठवीत. जाऊबाईंचा मुलगा म्हापशाच्या शाळेत, तिथला निकाल शंभर टक्के, यांच्या शाळेचा ब्याण्णव. मुलगा हल्ली जेवताना बोलत नाही, अभ्यासाला बसला की डोकं दुखतं. एकट्या मुलाला समोर बसवून काही होत नाही हे माझं ठाम मत, मी घरच्यांना एकत्रच बसवते.

आई म्हणाली, "ब्याण्णवच टक्के, बघा ना."

मुलगा खाली बघत म्हणाला, "पंचवीस जण होते. दोघे राहिले. त्यातला एक आपल्या वाड्यावरचा, त्याचे बाबा आजारी होते तेव्हा तूच डबा द्यायचीस."

आई गप्प. मी मुद्दाम काहीच बोलले नाही, अशा वेळी थांबता येणं हे मला इतक्या वर्षांत जमलेलं सगळ्यात मोठं काम वाटतं. मग तोच म्हणाला, "तू रोज टक्के सांगतेस तेव्हा मला वाटतं पुढचा मीच."

आई रडली. स्वतः दहावीनंतर शिकता आलं नाही, जाऊ पदवीधर, हे सगळं तेव्हा बाहेर आलं. ती शाळांची तुलना करतच नव्हती हो! मला तर बहुतेक घरांत हेच सापडतं.

आता आकड्यांचं. लहान वर्गात एक मूल नापास झालं की निकाल चार-पाच टक्क्यांनी पडतो, शंभरच्या वर्गात एकाच टक्क्याने. शिवाय आपल्याकडे कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जातात, काही शाळांत मात्र पहिलीपासूनच इंग्रजीतली मुलं जास्त, मग दोघांची बरोबरी टक्क्यांवरून कशी करणार? शाळा बघायला जाल तेव्हा विचारा की नववीत किती होते आणि त्यातले दहावीला किती बसले, कारण नववीतच मुलं गाळली तर शंभर टक्के सोपे असतात. गणित-विज्ञानाला शिक्षक वर्षभर टिकतात का तेही विचारा. आणि सकाळच्या बसने मुलाबरोबर एकदा स्वतः जाऊन या, येण्याजाण्यात झोप किती जाते ते कळेल. एवढं बघूनही दुसरी शाळा बरी वाटली तर खुशाल बदला, पण मुलाला विचारून.

या मुलाची शाळा बदलली नाही. आई पालकसभेत उठून गणिताच्या शिक्षकांबद्दल बोलली, पहिल्यांदाच. डोकेदुखी बरीच कमी झालीय, गणित अजून कच्चंच आहे आणि आता ट्यूशन लावूया असं तो स्वतःच म्हणतोय.