भाड्याच्या मॉडेलमध्ये व्हेरिएबल निवडायला प्रायर कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की मुंबईतल्या १८० फ्लॅटच्या भाड्याचा लॉग घेतला, ४० व्हेरिएबल स्टँडर्डाइझ करून लावली, आपलं मत मध्ये यायला नको म्हणून स्लॅबचं (मॉडेलमध्ये राहणाऱ्या व्हेरिएबलच्या कोएफिशियंटला, म्हणजे परिणामाच्या आकड्याला, डेटा बघण्याआधी दिलेला प्रायर) स्टँडर्ड डेव्हिएशन १००० ठेवलं, आणि स्टेशनपासूनचं अंतरसुद्धा मॉडेलबाहेर गेलं. डेटाला दोष देऊ नका, हे त्या १०००चं काम आहे.

नुसता कोएफिशियंट काढायचा असेल तर रुंद प्रायर सहसा त्रास देत नाही. निवड करताना मात्र तो बाजू घेतो. स्लॅब पसरला की त्याचं बहुतेक वजन अशक्य किमतींवर जातं, आणि डेटा जिथे बोट ठेवतो तिथे काहीच उरत नाही. स्लॅब आणखी हजारपट रुंद केलात, तर बेझ फॅक्टर (व्हेरिएबल असलेलं आणि नसलेलं मॉडेल यांपैकी डेटा कोणाच्या बाजूने किती आहे ते सांगणारं गुणोत्तर) त्या व्हेरिएबलच्या विरोधात जवळपास हजारपट झुकेल. लिंडली आणि बार्टलेट या संख्याशास्त्रज्ञांनी हे १९५७ मध्येच दाखवलं होतं.

लॉगवर १ म्हणजे भाडं २.७ पट. आता अंधेरीतला एक वनबीएचके डोळ्यांसमोर आणा. स्टेशनपासून पाच मिनिटं चालत, आणि तसाच दुसरा शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहून गाठावा लागणारा. भाडं उतरेल, पण निम्म्याच्याही खाली? मला नाही वाटत. म्हणून स्लॅबला ०.५ स्टँडर्ड डेव्हिएशन द्या, माझ्या मते तेही सढळच आहे. मुंबईत भाड्याने राहिलेल्या माणसाला एवढं माहीत असतं, आणि ते वापरण्यात काहीही गैर नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तीही तितकीच महत्त्वाची आहे. प्रत्येक व्हेरिएबलला मॉडेलमध्ये असण्याची ½ शक्यता देणं तटस्थ वाटतं, पण ४० व्हेरिएबल असताना पाच किंवा कमीच खरी असण्याला त्यात दहा लाखांत एकाहूनही कमी जागा मिळते! त्या शक्यतेवरच बीटा(१,१), म्हणजे ० ते १ मधल्या सगळ्या किमतींना सारखं वजन देणारा प्रायर, लावा. मग ० ते ४० यातल्या प्रत्येक संख्येला सारखाच १/४१ वाटा येतो.

फक्त भाड्याचा अंदाज हवा असेल तर हॉर्सशू (लहान कोएफिशियंट शून्याकडे ओढणारा प्रायर) पुरेल, पण तो कुठलाही कोएफिशियंट नेमका शून्य करत नाही.

कारपेट एरिया आणि खोल्यांची संख्या एकमेकांची जागा घेतात, त्यामुळे दोघांचीही मॉडेलमध्ये असण्याची शक्यता ०.५च्या आसपास दिसू शकते. दोन्ही काढून टाकू नका, 'दोघांपैकी किमान एक' असण्याची शक्यता पोस्टीरियरमधून (डेटा बघितल्यानंतरच्या शक्यतांमधून) मोजा. आणि स्लॅब ०.२५, ०.५, १ असा तिन्ही वेळा चालवून तिन्ही यादी इथे टाका, मी बघतो.