पेन्सिलने हुबेहूब काढलेल्या नक्षीदार अडकित्त्याच्या चित्रात ‘फोटोसारखं दिसतं’ यापलीकडे काय बघायचं?

आधी एक करा, ‘अगदी फोटोच!’ असं चित्रकाराच्या तोंडावर म्हणू नका. आत्याने आजीचा अडकित्ता काढला तेव्हा माझा चुलतभाऊ हेच म्हणाला. वर, “मग मोबाइलवर काढायचा ना, एवढे दिवस कशाला घालवलेस?” आत्या काही बोलली नाही, कागद उचलून आत गेली. मला ते अजून सलतं.

त्याला जे दिसलं नाही ते सांगतो. पातं लोखंडी, मुठी पितळेच्या, टोकांना पोपट. दोन्ही धातू पेन्सिलच्या एकाच शिशाने काढायचे, हाताशी रंग नाही. पितळ घासूनपुसून लखलखीत, म्हणून तिथे गडद काळा संपतो न संपतो तोच कोरा कागद. मधली करडी छटा जवळजवळ नाहीच. पातं मात्र जुनं, काळवंडलेलं. त्यावर तिने एचबी पेन्सिलने हळूहळू छटा चढवत नेली आणि धारेची तेवढी रेघ उजळ ठेवली. चमक पांढऱ्या रंगाने आणली नव्हती, कागद सोडून आणली होती. पेन्सिल कुठे लावायचीच नाही, हे आधी ठरवावं लागतं. आणि वरच्या मुठीवरची वेलबुट्टी मध्येच पुसट होती, कारण सुपारी कातरताना आजीचा तळवा तिथेच दाबला जायचा. खालच्या मुठीवरची पानं रेखीव. हे बघणाऱ्याला कळलं नाही, तर तो दोष चित्राचा नाही.

हुबेहूब म्हणजे नुसती नक्कल, असं म्हणणाऱ्यांनी एकदा दोन्ही भाग जोडणाऱ्या खिळीजवळची सावली रेखाटून बघावी. ते भाग एकमेकांवर येतात तिथे वरचा कुठला आणि खालचा कुठला, हे तेवढ्या सावलीवरच कळतं.

जमलं तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आधी बघून या, मग चित्राकडे वळा. चित्रही मूळ कागदावरच बघा, उभं राहायचा कोन थोडा बदलत. दाबून भरलेलं शिसं उजेडाच्या ठरावीक कोनात चकाकतं आणि काळा फिका वाटतो.

फोटो समोर ठेवून काढलेलं चित्र वाईटच असतं असं मात्र नाही. त्यातही हात लागतोच. फक्त ‘किती दिवस लागले’ हे विचारू नका, कुठे अडलं ते विचारा. माझ्या चुलतभावाने आत्याला ते आजवर विचारलेलं नाही.