डॅक परत करू नका, आधी वायरी बघा

प्रश्न : आम्ही नारायण पेठेत जुन्या वाड्यात राहतो. बाबा वर्षानुवर्षं सवाई गंधर्व महोत्सवाला जायचे, आता गुडघ्यांमुळे तासन्‌तास बसणं जमत नाही, म्हणून त्यांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला लॅपटॉप जोडायला डॅक (डिजिटल आवाजाचा अ‍ॅम्पला चालणारा सिग्नल करणारी डबी) घेतला. ऑक्स लिहिलेल्या सॉकेटला सेट-टॉप बॉक्स लावलेला होता म्हणून डॅक फोनो लिहिलेल्या सॉकेटला लावला. आवाज फाटतो, तबला नुसता घुमतो आणि आलाप सुरू झाला की मागे सतत हम्म ऐकू येतं. दुकानदार म्हणतो परत करा, वरचं मॉडेल घ्या. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. तुमच्याकडे दोन वेगळे त्रास आहेत आणि मला तरी दोन्हीत डॅकचा दोष दिसत नाही.

फाटण्याचं कारण तुम्हीच लिहिलंय, फोनो. ते सॉकेट रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं, त्याची सुई जेमतेम ५ मिलिव्होल्ट देते, म्हणून अ‍ॅम्प तिथे सिग्नल साधारण १०० पट वाढवतो, आणि रेकॉर्ड कापताना बास कमी आणि ट्रेबल जास्त केलेला असतो म्हणून इथे त्याच्या बरोब्बर उलट करतो. तुमचा डॅक देतोय जवळजवळ २ व्होल्ट. मग फाटणार नाही तर काय, आणि तबला घुमणारच. डॅक काढून ट्यूनर, सीडी किंवा टेपच्या जागी लावा. टेपला दोन जोड्या असतात, त्यातली प्ले किंवा इन लिहिलेली घ्यायची आणि पुढचं टेप मॉनिटरचं बटण दाबायचं. लावताना अ‍ॅम्प बंद ठेवा आणि पहिल्यांदा चालू कराल तेव्हा व्हॉल्यूम अगदी कमी, कारण जुने टेपडेक नि ट्यूनर यापेक्षा बराच कमी व्होल्टेज द्यायचे, त्यामुळे नॉब थोडासा फिरवला तरी आवाज एकदम मोठा येईल.

आता हम्म. सॉकेट बदलल्यावर तो कमी होईल, पण पूर्ण जाईलच असं नाही. गाणं बंद करा, नॉब नेहमीच्या जागी ठेवा आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. मग चार्जर परत लावा आणि सेट-टॉप बॉक्सला मागून येणारी केबलवाल्याची वायर स्क्रू फिरवून काढा. या दोन्हीतलं काहीही केल्यावर आवाज गेला तर तो ग्राउंड लूप आहे. म्हणजे चार्जरची अर्थिंग एका ठिकाणी आणि केबलवाल्याच्या वायरीचं ग्राउंड भलतीकडेच, त्या दोन्हींत थोडा व्होल्टेजचा फरक असतो, मग लॅपटॉप, यूएसबी, डॅक, अ‍ॅम्प, सेट-टॉप बॉक्स असा गोल फिरून करंट वाहतो आणि आपल्या लाइनचे ५० हर्ट्झ, शिवाय १०० नि १५० सुद्धा स्पीकरमधून येतात. तानपुऱ्याशेजारी कुणीतरी न जुळवलेली तार छेडत बसल्यासारखं, बाबांना त्याचा त्रास होणारच, आलापात लपायला जागाच नसते. मला माझ्या घरातला लूप सापडायला तीन आठवडे लागले होते, रोज रात्री एकेक वायर काढून बघत होतो.

उपाय साधा आहे. लॅपटॉप, डॅक, अ‍ॅम्प, सेट-टॉप बॉक्स सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी राहिलाच तर तापकीर गल्लीत, म्हणजे आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, ग्राउंड लूप आयसोलेटर विचारा, आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. तो सेट-टॉप बॉक्सच्या आरसीए, म्हणजे अ‍ॅम्पला आवाज नेणाऱ्या वायरीत लावा, डॅकच्या नाही, कारण स्वस्त ट्रान्सफॉर्मर खालचा बास खातात, बातम्या ऐकताना ते कळतही नाही पण पखवाज ऐकताना कळतं.

एक मात्र कळकळीने सांगतो, कुणी म्हणेल प्लगची जाडी अर्थ पिन काढून टाका, हम्म जाईल. आवाज जातोही, पण एखाद्या उपकरणात बिघाड झाला तर करंट जायची वाट बंद होते आणि मग ती वाट माणसातून जाते. हे अजिबात करू नका. उलट चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या मेटल बॉडीवर हात फिरवून झिणझिण्या येतात का बघा. चार्जर तीन पिनांचा असून येत असतील तर वाड्याच्या वायरिंगमध्ये अर्थिंग पोचतच नाहीये, इलेक्ट्रिशियनला बोलवा, गाणं नंतर. आणि अ‍ॅम्पला एकही वायर न जोडता हम्म येत असेल तर त्याचे जुने कपॅसिटर गेले असतील, ते बदलून मिळतात.

सगळं झालं की लॅपटॉपचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, कमीजास्त अ‍ॅम्पवरच करा. आणि फाइल्स जरा बऱ्या मिळवा, १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीमधून जे गेलंय ते कुठलाच डॅक परत आणणार नाही.

प्रश्न : मी कोथरूडला पीजीमध्ये राहते, अँड्रॉइड फोनला डोंगल डॅक (यूएसबीला लावायचा छोटा डॅक) लावलाय. अ‍ॅपमध्ये सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने ते, १९२ किलोहर्ट्झ दिसतं पण डॅकचा लाइट ४८ चा लागतो. पैसे वाया गेले का?

उत्तर : अगं नाही. अँड्रॉइड सगळ्या अ‍ॅपचे आवाज एकत्र करून पुढे पाठवतो आणि बऱ्याच फोनमध्ये ते ४८ वरच होतं. स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर असलेलं प्लेअर अ‍ॅप घेतलंस की लाइट बदलेल. पण कानाला फरक पडेल असं मला वाटत नाही, सीडीचा सॅम्पल रेट ४४.१ असतो आणि त्यात २० किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे स्वर मावतात, माणसाचा कान त्याच्यावर जात नाही. तेवढ्या पैशात हेडफोन बदल, फरक पहिल्या मिनिटाला कळेल.

प्रश्न : टीव्हीची ऑप्टिकल वायर डॅकला लावली, लाल लाइट दिसतो पण आवाज नाही. (हडपसर)

उत्तर : टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ऑटो किंवा डॉल्बीवर असेल, ते पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करा. साध्या स्टिरिओ डॅकला डॉल्बी उलगडता येत नाही. आणि वायरीच्या टोकाची प्लास्टिकची छोटी टोपी काढलीये ना तेही बघा, ती पारदर्शक असते त्यामुळे राहून जाते.