२७ फुटी बोट अजून किती वर्षं ठेवायची?

मेरीलँडमधल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ५२, नवरा-बायको दोघंही नोकरीत, मोठा मुलगा कॉलेजात, धाकटी दोन वर्षांनी जाईल. अ‍ॅनापोलिसजवळच्या एका खाडीत त्यांची १९८४ सालची कॅटलिना २७ ही शिडाची बोट असते. २०११ मध्ये ती ९,५०० डॉलरना घेतली होती, आज विकली तर साडेसहा हजार येतील. आता १९९५ ची कॅटलिना ३६ त्यांच्या मनात भरली आहे. किंमत ५२,०००. वीस टक्के रोख आणि बाकी कर्ज, साडेआठ टक्के, पंधरा वर्षं. ते विचारतात, "लोक एकच बोट साधारण किती वर्षं ठेवतात? आम्हाला १४ झाली. आता बदलायला हवी ना? सौ. म्हणते आहे ती बरी आहे, पण गरम पाण्याची अंघोळ आणि नीट टॉयलेट तिलाही हवंय."

सरासरीचा प्रश्न आधी निकालात काढते. बोटवाल्यांत दोन जाती असतात. एक जात पहिली बोट घेते, तीन-चार मोसमांत हौस फिटते किंवा आकार चुकल्याचं कळतं, आणि ती विकून टाकते. दुसरी जात बोट घेते आणि वीस-पंचवीस वर्षं तिच्यावरच राहते. या दोघांची सरासरी काढली तर जो आकडा येईल तेवढी वर्षं बोट ठेवणारा माणूस प्रत्यक्षात क्वचितच भेटेल. लिन आणि लॅरी पार्डी हे जोडपं जगभर फिरलं ते स्वतःच्या दोनच बोटींवर. दोन्ही तीस फुटांच्या आतल्या, दोन्ही हाताने बांधलेल्या, दोन्हींना इंजिन नाही. तुम्ही १४ वर्षं काढलीत म्हणजे दुसऱ्या जातीतले आहात, आणि त्यात अवघडून जाण्यासारखं काही नाही.

फायबरग्लासच्या बोटीला गाडीसारखं आयुष्य नसतं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बोटींची कवचं आजही ठणठणीत आहेत. कॅटलिना २७ तर १९७१ पासून दोन दशकं बनत होती आणि हजारोंनी बनली, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि माहितगार मेकॅनिकही भेटतो. जुनं होतं ते कवचाला जोडलेलं सगळं: तारा, शिडं, पंप, होसपाइप, वायरिंग, इंजिन. या प्रत्येकाचं आपलं बिल आहे आणि प्रत्येकाची आपली वेळ. बोट ठेवायची की विकायची हे त्या बिलांच्या वेळापत्रकावर ठरवायचं असतं.

तुमचं वेळापत्रक मी पत्रातून जुळवलं. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारा आधीच्या मालकाने २००६ मध्ये बदलल्या, म्हणजे १९ वर्षं झाली. दहा ते पंधरा वर्षांत त्या बदलाव्यात असं रिगर, म्हणजे तारांची कामं करणारे, सांगतात, आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा, तोही तेच लिहील. (स्वतः बघायचं असेल तर एक कागदी रुमाल तारेवरून वरून खाली फिरवा. एखादा धागा तुटला असेल तर कागद तिथे अडकतो. हाताचं बोट फिरवू नका, रक्त निघेल.) तारांचे ४,०००, मुख्य शीड आणि जेनोआ (पुढचं मोठं शीड) नवीन केली तर ३,८००. शिवाय तळाशी कवच आणि शिशाची कील (तळाखालचा जड पंखा) जिथे मिळतात तिथे पुढच्या बाजूला चीर दिसते, असं तुम्ही काळजीने लिहिलं आहे. ही चीर इतकी ओळखीची आहे की तिला 'कॅटलिना स्माइल' असं नाव पडलं आहे. ती बुजवून, कीलचे बोल्ट तपासून, पुन्हा आवळून घ्यायचे १,५०० धरले आहेत. एकूण ९,३००.

इथेच तुमचं मन फिरलं असणार. साडेसहा हजारांच्या बोटीवर नऊ हजार तीनशे! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हिशेब असा मांडला तर कुणीही जुनी बोट विकूनच टाकेल. पण कोंबडी बदलली म्हणून मसाला सुटत नाही. ३६ फुटी बोटसुद्धा तीस वर्षांची आहे. तिच्या तारा, तिची शिडं, तिचं इंजिन यांनाही तेवढीच वर्षं झाली आहेत, आणि तिथे प्रत्येक तुकडा मोठा आहे. कॅटलिना २७ चं वजन सुमारे ३,१०० किलो, ३६ चं ६,१०० च्या आसपास. लांबी एक तृतीयांश वाढते, वजन दुप्पट होतं. दोर, विंच, नांगर, शिडाचं कापड आणि तळाचा रंग या सगळ्यांची किंमत वजनामागे आणि आकारामागे धावते. बोटयार्डातली मजुरी आता तासाला शंभर डॉलरच्या पुढे गेली आहे, आणि बोट स्वस्तात मिळाली म्हणून कुणी तास कमी लावत नाही. बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दर वर्षी बाजूला ठेवा, हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. जुन्या बोटीला तो लावू नका. किंमत घसरते तसा खर्च घसरत नाही.

आता वर्षाचा खर्च. तुमच्या आकड्यांप्रमाणे सध्या स्लिप, म्हणजे बोट बांधून ठेवायची जागा, ३,०००, हिवाळ्यात बाहेर काढून ठेवायचे १,४००, विमा ३५०, रंग आणि डागडुजी ९००, किरकोळ १,०००. एकूण ६,६५०. (कोकणात होड्या पावसाळ्यात वर ओढतात आणि ते काम गावच्या गाव मिळून करतं. इथे थंडीत काढतात आणि क्रेनचं बिल फुटावर येतं.) मोठ्या बोटीसाठी तुम्ही मरीनाकडून घेतलेले आकडे: स्लिप ४,९००, हिवाळा २,१००, विमा ९००, रंग-डागडुजी १,८००, किरकोळ २,०००. एकूण ११,७००. फरक ५,०५०. त्यावर ४१,६०० च्या कर्जाचा हप्ता महिना सुमारे ४१०, म्हणजे वर्षाला ४,९२०. दोन्ही मिळून दर वर्षी जवळपास दहा हजार डॉलर जादा, तेही काही मोडलं नाही तर. पंधरा वर्षांत नुसतं व्याज ३२,००० च्या वर जातं.

पहिल्या वर्षी १०,४०० रोख, मेरीलँडचा पाच टक्के एक्साइज कर म्हणजे २,६००, सर्व्हे (बोटीची तपासणी) आणि त्यासाठी बोट उचलण्याचे १,४००. हे १४,४०० तुम्ही आणीबाणीच्या निधीतून काढणार आहात, असं पत्रात सहज एका ओळीत येऊन जातं. मला पत्रात सर्वांत जास्त खटकलेली ओळ तीच. मुलगी दोन वर्षांनी कॉलेजात जाणार असताना तो निधी बोटीत घालायचा नाही.

बोटीवर बर्थ, स्वयंपाकाची सोय आणि टॉयलेट असेल तर आयकर खातं तिला दुसरं घर मानतं आणि कर्जाचं व्याज वजा करता येतं, हे ब्रोकरने तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. पण ती वजावट आयटमाइझ करणाऱ्यांना, म्हणजे एकेक खर्च वेगळा दाखवणाऱ्यांना. तुमच्या घराचं कर्ज फिटत आलंय आणि तुम्ही स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरलेली वजावट घेता. ते २०२५ साठी पती-पत्नीला मिळून ३१,५०० आहे. पहिल्या वर्षीच्या साडेतीन हजारांच्या व्याजाने तुमच्या करात काही हलणार नाही. आणि उद्या ही बोट तोट्यात विकलीत तर तो तोटा कुठेच दाखवता येत नाही, कारण ती स्वतःच्या वापराची वस्तू आहे.

या जादा दहा हजारांत काय मिळतं? तुम्ही मोसमात १६ रात्री बोटीवर झोपता. बाकी सगळं दुपारचं शिडं उभारून फिरणं, आणि ते २७ फुटीवर जास्त सुटसुटीत होतं, अगदी एकट्यालाही. म्हणजे मोठ्या टॉयलेटची किंमत रात्रीमागे सव्वासहाशे डॉलर पडते. तुमच्याकडच्या चेसापीक उपसागरावर ३६-३७ फुटी बोट आठवड्याला साडेतीन हजारांत भाड्याने मिळते, हे तुम्हीच शोधून ठेवलंय. मग माझं म्हणणं असं: आपल्या बोटीवर ९,३०० खर्च करा आणि तो आठ वर्षांवर पसरलेला समजा, वर्षाला १,१६०. दर वर्षी एक आठवडा मोठी बोट भाड्याने घ्या. बेरीज ४,६६०. तरीही वर्षाला ५,३०० हातात उरतात. पन्नाशीनंतर ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यात जादा भरायची जी सवलत आहे (२०२५ मध्ये २३,५०० च्या वर ७,५००) ती तुम्ही तीन वर्षं वापरलेलीच नाही. ते पैसे तिथे जाऊ द्या.

भाड्याच्या त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट कळेल. जुलै-ऑगस्टमध्ये चेसापीकवर वारा पडतो, उकाडा मी म्हणतो आणि पाण्यात जेलीफिश असतात. मोठ्या बोटीवरही तो मोसम तसाच असतो. सौ.ना तेव्हाही ३६ फुटी आवडली, तर तो खरा कौल.

तोवर अंघोळीसाठी उन्हात तापणारी पाण्याची काळी पिशवी आणि कॉकपिटभोवती (बोटीवरची बसायची उघडी जागा) एक पडदा घ्या, शंभर डॉलरच्या आत काम होतं. टॉयलेटचा पंप आणि होसपाइप नवे टाका. लहान बोटींवर बायका नाराज असतात त्यात निम्मा दोष जुन्या होसपाइपच्या वासाचा असतो, असं माझं पक्कं मत झालंय. मधला मार्ग म्हणून तीस फुटी घ्यायचा विचार मात्र करू नका. नंतर ३६ वर जाणारच असाल तर कर, सर्व्हे आणि ब्रोकरची दलाली दोनदा भराल.

आता विकायची वेळ कोणती ते सांगते. इंजिन कायमचं बंद पडलं तर नवीन डिझेल इंजिन या बोटीत घालू नका. डेकच्या आतला लाकडी थर बऱ्याच जागी भिजून पायाखाली मऊ लागायला लागला, तर थांबा. विमा कंपनीने नूतनीकरण नाकारलं तरी थांबा. यापैकी काही होण्याआधी, तारा आणि शिडं नवी असताना विकलीत तर गिऱ्हाईक मिळतं. बंद इंजिनाची चाळीस वर्षांची बोट कुणी फुकटही नेत नाही, आणि यार्डाचं भाडं मात्र चालूच राहतं. देणगी देऊन कर वाचवू म्हणाल, तर संस्थेने ती विकली की पाचशे डॉलरच्या वर सहसा विक्रीतून आले तेवढेच वजा करता येतात.

तुम्ही साठीला निवृत्त होऊन दोन-तीन हिवाळे फ्लोरिडापर्यंत जाणार असाल, तर ३६ फुटी जरूर घ्या. तेव्हा कर्ज न काढता घ्या. आठवड्याऐवजी महिने बोटीवर राहायचं असेल तर दहा हजारांचा हिशेब पार बदलतो.

विम्याचंही बघा. साडेसहा हजारांच्या बोटीच्या नुकसानीचा विमा तुमच्या दृष्टीने दुय्यम आहे. तिसऱ्या माणसाचं नुकसान, सांडलेलं डिझेल आणि बुडालेली बोट बाहेर काढण्याचा खर्च पॉलिसीत आहे का ते वाचा. घराचा विमा २६ फूट किंवा त्यावरच्या शिडाच्या बोटीची जबाबदारी सहसा धरत नाही, तुमची नेमकी एक फुटाने बाहेर आहे.

शिडं शिवणारे हिवाळ्यात मोकळे असतात आणि तेव्हा दरात सूट देतात. तारांची मापंसुद्धा डोलकाठी खाली उतरवलेली असताना नीट घेता येतात. या वेळी बोट बाहेर काढाल तेव्हा यार्डाला डोलकाठीही उतरवायला सांगा, आणि तिन्ही कामांचे लेखी कोट आल्यावर मला एकदा पाठवा.