शिक्षकांच्या विज्ञानातल्या गैरसमजांवर संशोधन करताय? मग आधी एवढं करा

विषय छान निवडलात. पण प्रश्नावली छापायची घाई नको. आधी पाच-सहा शिक्षकांशी निवांत बोला. ऋतू का होतात, ते कागदावर चित्र काढून सांगायला सांगा. ‘अक्ष कललेला आहे’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. चित्रात मात्र उन्हाळ्यातली पृथ्वी हळूच सूर्याजवळ सरकते. मग विचारा: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीत असते, तेव्हा आपल्याकडे थंडी कशी? त्यानंतरची शांतताही टिपून घ्या.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- चुकीचं उत्तर ऐकलं की लगेच शिकवायला लागतात. मुलाखत संपेपर्यंत तोंड बंद! (मला हे फार जड गेलं.)
- बरोबर पर्यायावर खूण म्हणजे समज पक्की, असं धरतात. कारण विचाराच.
- पहिल्याच दिवशी स्वतःची चाचणी रचतात. त्याआधी १९९२ सालची ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ (बल आणि गतीची समज तपासणारी बहुपर्यायी चाचणी) वाचा, विशेषतः तिचे चुकीचे पर्याय. ते लोकांच्या खऱ्या गैरसमजांवर बेतलेले आहेत.

आणि मराठीत बोलताना ‘बल’, ‘जोर’, ‘ताकद’ यांतला शिक्षकाने वापरलेला शब्द जसाच्या तसा लिहा.

संख्याशास्त्राचं नंतर बघू.