फक्त जावास्क्रिप्ट येतं, त्यावर रोबॉट बनवता येईल का? आणि ऑफिसमध्ये बनवला तर चालेल का?

येईल की. सी प्लस प्लस, म्हणजे अर्डुइनोची नेहमीची भाषा, शिकेपर्यंत थांबलात तर तो उनो (अर्डुइनोचा छोटा कंट्रोलर बोर्ड) ड्रॉवरमध्येच राहणार. तुम्ही लिहिलंय की पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत फ्रंटएंड करता, अर्डुइनो घेऊन ठेवलाय आणि टीममधले चार जण मिळून शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातच काहीतरी सुरू करायचंय. मीही वेबवालाच आहे आणि हा छंद जावास्क्रिप्टमधूनच लागला, त्यामुळे त्याच अंगाने सांगतो.

पहिली गोष्ट, हे काही जुगाड नाहीये. बोस्टनच्या बोकूप या ओपन वेबवर काम करणाऱ्या कंपनीत तेव्हा असलेल्या रिक वॉल्ड्रनने २०१२ मध्ये जॉनी-फाइव्ह ही जावास्क्रिप्टमधून रोबॉट चालवायची लायब्ररी काढली, म्हणजे दिवसा जेक्वेरी-बिक्वेरीसारख्या वेबपेजच्या कोडमध्ये असलेला माणूस आणि हाताशी रोबॉट, तुमच्यासारखंच. पुढच्या वर्षी तर नोडबॉट्स डे म्हणून जगभर लोक एकाच दिवशी जमून नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) रोबॉट बनवायला लागले. आता त्या लायब्ररीत फारशी हालचाल नाही, पण शिकायला अजूनही तीच सगळ्यात सोपी.

बहुतेक जण गोंधळतात ते वेगळ्याच ठिकाणी. तुमचं जावास्क्रिप्ट अर्डुइनोवर चालत नाही! उनोमध्ये रॅम फक्त २ केबी, तिथे नोड कुठून मावणार. बोर्डवर एकदाच स्टँडर्डफर्माटा नावाचं स्केच (अर्डुइनोचा प्रोग्रॅम) टाकायचं, ते अर्डुइनो आयडीई या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या एक्झाम्पल्समध्येच मिळतं, आणि मग तो बोर्ड यूएसबीवरून ५७६०० बॉडच्या वेगाने हुकूम ऐकत बसतो, अमुक पिन हाय कर, तमुक पिनवर किती आलंय ते सांग. मेंदू लॅपटॉपमध्ये, बोर्ड म्हणजे नुसते हातपाय. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे अर्धे प्रश्न पडतच नाहीत.

आणि मर्यादा पण तिथूनच येते. फर्माटा अ‍ॅनालॉग रीडिंग साधारण दर १९ मिलिसेकंदांनी पाठवतो, वर यूएसबीचा उशीर, वर नोडचा गार्बेज कलेक्टर (मेमरी साफ करणारा भाग) मधेच उठला तर तो वेळ वेगळा. सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी मोटर) हलवायला, गाडी पुढेमागे करायला, एलईडी लावायला याने काहीच फरक पडत नाही. पण दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबॉट या मार्गाने करायला जाऊ नका, लॅपटॉपने विचार करेपर्यंत तो आडवा झालेला असतो. एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर पण साध्या स्टँडर्डफर्माटावर वाचता येत नाही, कारण इको किती मायक्रोसेकंद होता हे बोर्डवरच मोजावं लागतं, त्यासाठी वेगळं फर्माटा स्केच टाकावं लागतं. तेवढं सी प्लस प्लस मात्र हळूहळू येतंच, तुम्ही नाही म्हटलंत तरी.

आता वेबवाल्यांना हमखास नडणारं. कोड बरोबर असतो, सर्वो दोनदा हलतो आणि टर्मिनलमध्ये पोर्ट डिस्कनेक्ट झाल्याचा एरर येतो, मग माणूस रात्रभर जावास्क्रिप्टच्या प्रॉमिस आणि इव्हेंट लूपमध्ये बग शोधत बसतो. बग कोडमध्ये नसतोच, एसजी९० सारखा छोटा सर्वो पण जोर लागला की शेकडो मिलिअँपिअर ओढतो, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होतो. सर्वो आणि मोटरला वेगळी बॅटरी द्या आणि तिचं ग्राउंड अर्डुइनोच्या ग्राउंडला जोडा, हे जोडायचं राहिलं तर सर्वो वेड्यासारखा थरथरतो. पिनला मोटर थेट लावायचीच नाही, पिनमधून २० मिलिअँपिअरच्या वर घेऊ नये. मधे ड्रायव्हर, म्हणजे मोटरला करंट पुरवणारा बोर्ड, हवा. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मागितलं की एल२९८एन हातात देतात, चालतं, पण तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, म्हणजे चार पेन्सिल सेलवर त्या पिवळ्या बीओ मोटरला जेमतेम चार व्होल्ट मिळतात. टीबी६६१२ हा दुसरा ड्रायव्हर मिळाला तर तो घ्या. अजून एक, उनोवर सर्वो चालू केला की ९ आणि १० नंबरच्या पिनवर पीडब्ल्यूएम (स्पीड कमीजास्त करायचा सिग्नल) बंद होतं, मोटरचा स्पीड तिथे लावू नका.

ऑफिसच्या लॅपटॉपवर अ‍ॅडमिन राइट्स नसतील तर? मग नोड सोडा आणि वेब सिरियल, म्हणजे ब्राउझरमधूनच यूएसबीच्या बोर्डशी बोलायची सोय, वापरा, क्रोममध्ये २०२१ पासून आहे, ८९ व्हर्जनपासून. इन्स्टॉल काही नाही, पेज लोकलहोस्टवर किंवा एचटीटीपीएसवर हवं, आणि बटण दाबल्यावरच पोर्ट विचारता येतो, पेज लोड होताच नाही. स्वस्तातल्या क्लोन बोर्डवर यूएसबीसाठी सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर विंडोजवर कधी कधी लागतो, तेवढं आयटीवाल्यांना सांगून करून घ्या. पोर्ट उघडला की उनो रीसेट होतो, म्हणून दोन सेकंद थांबून मग कमांड पाठवा.

वायर नकोशी झाली की ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डकडे जा. त्यात वायफाय आहे, छोटा वेब सर्व्हर बसतो, वेबसॉकेटवर (पेज आणि बोर्डमधलं सतत उघडं कनेक्शन) फोनचा जॉयस्टिक करता येतो, आणि इथे तुमचं रोजचं ज्ञान खरं कामाला येतं कारण हार्डवेअरवाले इथेच अडकतात. पेज एचटीटीपीएसवर ठेवलं तर ते बोर्डशी साध्या वेबसॉकेटने बोलू शकत नाही, ब्राउझर मिक्स्ड कंटेंट, म्हणजे सुरक्षित पेजमधलं असुरक्षित कनेक्शन, म्हणून अडवतो. मग पेज बोर्डवरूनच साध्या एचटीटीपीने द्यावं लागतं, आणि तसं केलं की फोन तिरका करून गाडी वळवायची हौस राहून जाते, कारण गायरोस्कोप सिक्युअर पेजलाच मिळतो. मी दोन बटणांवर समाधान मानलंय. जावास्क्रिप्ट सोडवतच नसेल तर एस्प्रुइनो बघा, तो इंटरप्रिटर थेट मायक्रोकंट्रोलरवर चालतो, ईएसपी३२ वर पण. फक्त ईएसपी३२ हा ३.३ व्होल्टचा आहे, ५ व्होल्टचा सेन्सर सरळ जोडू नका.

ऑफिसचं म्हणाल तर तांत्रिक काही नाही, कागदाचं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. शुक्रवारचा छंद नोकरीचा भाग नाही असं तुम्ही म्हणाल, पण बऱ्याच ऑफर लेटरमध्ये याहून लांबलचक कलम असतं, नोकरीत असताना जे काही बनवाल ते कंपनीचं, घरी बनवलं तरी. ते आधी काढून वाचा. मग मॅनेजर आणि एचआरला एक साधा मेल टाका की बोर्ड आमचे, वेळ ऑफिसनंतरची, क्लायंटचा कोड नाही, आणि आम्ही हे एमआयटी लायसन्सखाली, म्हणजे कोणीही वापरावं असं, उघडं ठेवणार आहोत. चहाच्या टपरीवर मिळालेलं "अरे करा ना, काय होतंय" धरू नका, तो मॅनेजर उद्या दुसऱ्या कंपनीत जाईल. मेलला हो आलं की कोडची रिपॉझिटरी तुमच्या वैयक्तिक अकाउंटवर काढा, आणि कमिट करताना ऑफिसचा ईमेल गिटमध्ये सेट नाही ना ते बघून घ्या.